बिडाचं फ्लायव्हील

उचगावात विहाराच्या मागच्या गल्लीत पत्र्याचं एक शेड आहे. बाहेर पाटी नाही. आत लोखंड कातायचा एक जुना लेथ, एक ड्रिल मशीन, कोपऱ्यात लोखंडाच्या किसाचा ढीग आणि भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो. पंपाचं बुश घासलं, ट्रॉलीचा एक्सल गेला, पिठाच्या गिरणीची पुली करायची झाली, की आसपासची माणसं इथं येतात. पहिल्यांदा आलेला माणूस हमखास इकडंतिकडं बघून विचारतो, "मिस्त्री कुठं गेल्यात?" मशीनवरची बाई मान न वळवता म्हणते, "बोला पावणं, काय काम हाय?"

ती संघप्रिया वाघवेकर. तिचे वडील केरबा शिरोलीच्या एका फौंड्रीत साचे भरायचे. शाळेला सुट्टी असली की ती त्यांचा डबा घेऊन जायची, आणि जेवण झाल्यावर केरबा तिला भंगारात टाकलेले बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, तुकडे दाखवायचे. एकदा त्यांनी स्टीलची एक सळई आणि बिडाची एक पट्टी शेजारी ठेवून दोन्हीवर घण घातला. सळई वाकली. पट्टीचे दोन तुकडे झाले. "लोखंड वाकून सांगतंय बघ, आता बास म्हणून," केरबा म्हणाले, "बीड सांगत न्हाय. फुटल्यावरच कळतंय." दहावीनंतर तिनं आयटीआयला टर्नरचा कोर्स घेतला तेव्हा वर्गात ती एकटी मुलगी होती. ती शेवटच्या वर्षाला असताना केरबा गेले. छाती भरून यायची, खोकला थांबायचा नाही. फौंड्रीत बहुतेकांना असतं तसंच म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं.

लग्न झालं, हातकणंगल्याला दिली. दोन वर्षांनी परत आली. सासरच्यांना तिनं मशीनवर उभं राहिलेलं चालत नव्हतं एवढंच ती सांगते, पुढं बोलत नाही. उद्यमनगरातलं एक वर्कशॉप बंद पडलं तेव्हा तिथला लेथ तिनं घेतला आणि घरामागच्या मोकळ्या जागेत शेड उभं केलं. आई शालन सुरुवातीला कुरकुरली. मग तीही संध्याकाळी शेडच्या दारात भाजी निवडत बसायला लागली.

प्रसेनजीत तिचा धाकटा भाऊ. तो ह्या लेथच्या आवाजात वाढला, पण त्याचं मन गाड्यांत. शाहूपुरीतल्या एका गॅरेजमध्ये तो मेकॅनिक होता आणि हुशार म्हणून त्याचं नाव होतं. एकदा गॅरेजच्या मालकाबरोबर तो गाड्यांच्या शर्यती बघायला गेला. पुण्याकडून आलेल्या पोरांनी आपापल्या गाड्यांची बॉनेटं उघडून ठेवली होती. आत सगळे परदेशी पार्ट. प्रसेनजीत वाकून वाकून बघत राहिला आणि घरी आल्यावर जेवताना बहिणीला म्हणाला, "आक्का, त्यातलं निम्मं आपल्या कोल्हापुरात हुतंय. बोअर हितं हुतोय, पिस्टन हितं मिळत्यात, कातायला तू हाईस. साध्या माणसाला परवडंल असं पळणारं इंजिन मी करून दाखवतो बघ."

"कर की," ती म्हणाली.

त्यानं एक जुनी एस्टीम आणली, कार्बुरेटरची. पत्रा गंजलेला, सीट फाटलेली. पण इंजिन तेराशे सीसीचं, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे कंपनीनं त्यात पुष्कळ काही शिल्लक ठेवलेलं. गाडी शेडसमोर लागली आणि पुढचं जवळजवळ वर्षभर तिथंच राहिली. गॅरेजमधून सुटला की तो घरात न शिरता सरळ तिथं यायचा. नुकतंच लग्न झालेलं. त्याची बायको अक्षता शाहूपुरीतच एका ऑफिसात कॉम्प्युटरवर कामाला. ती चहा घेऊन यायची आणि थोडा वेळ दोघांकडं बघत उभी राहायची.

ते दिवस घरात चांगले होते. प्रसेनजीतनं इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, काढलं आणि हवा आत-बाहेर जाण्याच्या वाटा हातानं घासून गुळगुळीत केल्या. बोट घालून बघायचा, पुन्हा घासायचा. हेड प्लेन करून दाब वाढवला. चारी पिस्टन आणि चारी कनेक्टिंग रॉड एकाच वजनाचे पाहिजेत म्हणून ते सगळं पिशवीत घालून गुजरीतल्या ओळखीच्या सोनाराकडं गेला. सोनारानं सोनं तोलायच्या काट्यावर एकेक रॉड ठेवला, आणि दुकानात बांगड्या बघायला आलेल्या बायका गप्प होऊन बघत राहिल्या. जास्त भरलेल्या रॉडचं वजन संघप्रियानं मशीनवर थोडं थोडं उतरवलं. सायलेन्सरचे पाइप खिडक्यांच्या ग्रील वाकवणाऱ्या एका माणसाकडून वाकवून घेतले. अर्धे चुकले, पुन्हा केले. इंजिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा गल्लीतली माणसं बाहेर आली. शालन कानावर हात ठेवून हसत होती. अक्षतानं सगळ्यांना पेढे वाटले.

फ्लायव्हीलचं काम शेवटचं. इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, क्रँकच्या, टोकाला बसवलेलं ते जड चाक. त्याच्या वजनामुळं इंजिन संथ फिरतं, धक्के खात नाही. ते हलकं केलं की इंजिन पाय टाकताच उचल घेतं. शर्यतीच्या गाड्यांना स्टीलचं नवीन, हलकं चाक घालतात. प्रसेनजीतकडं होतं ते गाडीचंच जुनं, बिडाचं.

पहिल्यांदा ते लेथवर बांधलं तेव्हा संघप्रियाला क्लचच्या बाजूला निळे डाग दिसले, आणि त्या डागांत केसासारख्या बारीक चिरा. आधीच्या मालकानं क्लचवर पाय ठेवून गाडी चालवली असणार.

"हे तापल्यालं हाय रे," ती म्हणाली.

"वरवरचं हाय, आक्का. एक हात मार, जातंय."

तिनं ती बाजू कातली. चिरा दिसेनाशा झाल्या. मग मागच्या बाजूनं, कडेकडेनं, तिला योग्य वाटलं तेवढं वजन काढलं आणि थांबली. चाक बसवलं, गाडी उजळाईवाडीच्या रस्त्यावर फिरवून आणली. प्रसेनजीत खूश होता. पण चार दिवसांनी तो पुन्हा गिअरबॉक्स उतरवून चाक हातात घेऊन आला.

मधे यशराज आला होता. शाहूपुरीत त्याच्या घरच्यांचं टाइल्सचं दुकान. गाड्यांचा नाद, आणि तसाच नाद असलेले पाच-सहा मित्र. गॅरेजमध्ये प्रसेनजीतच्या इंजिनाचं त्याच्या कानावर गेलं होतं. रविवारी येतो म्हणाला, आवडलं तर माझी गाडी तुझ्याकडं, मित्रांच्यापण. प्रसेनजीतनं तेवढ्यावर गॅरेज सोडून स्वतःचं टाकायचं मनात ठरवून टाकलं होतं.

"अजून काढ," तो म्हणाला.

"नगं."

"का?"

"बीड हाय ते. पातळ झालं की दम न्हाय ऱ्हायचा त्यात. तुला हलकंच पायजे तर स्टीलचा गोळा आण, मी नवीन करून देते. आठवडा जाईल."

"आठवड्यानं तो दुसरीकडं जाईल, आक्का. रविवारी यायलाय तो."

"मग हाय तसं दाखव. वाईट हाय काय?"

त्यानं स्टूल ओढून घेतलं. ती जेवायला गेली. परत आली तर तो तिथंच स्टुलावर बसलेला. पुन्हा विचारलं, पुन्हा ती नको म्हणाली. मग तो उठला आणि चाक स्वतःच लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, बांधायला लागला. लेथवर त्याचा हात बरा नव्हता. चाक कलतं बसलं.

"तू हात लावू नगंस, वाट लावशील," असं म्हणत तिनं त्याला बाजूला केलं. चाक सोडलं, पुन्हा बांधलं, डायल लावून नीट मध्यावर आणलं. एवढं झाल्यावर मशीन चालूच करायचं राहिलं होतं. तिनं ते चालू केलं.

रविवारी सकाळी यशराज त्याची मोठी पांढरी गाडी घेऊन आला. विहारातली वंदना नुकती संपली होती. शालन परत आली होती आणि अक्षता नाश्त्याचं बघत घरात होती. शेडसमोर एस्टीमचं बॉनेट उघडं. इंजिन आधीच गरम केलेलं. प्रसेनजीतला कार्बुरेटरवर शेवटचं थोडं जुळवायचं होतं, म्हणून त्यानं बहिणीला हाक मारली.

"आक्का, तू आत बस. मी हात वर केला की रेस दे. मला आवाज हितनं ऐकायचाय."

ती ड्रायव्हरच्या जागेवर बसली. उघड्या बॉनेटमुळं समोरचं काही दिसत नव्हतं. बाजूला त्याचा खांदा आणि डावा हात दिसत होता. हात वर झाला, तिनं पाय दाबला. इंजिन लगेच वर गेलं, आधीपेक्षा किती तरी झटकन. तिनं सोडलं. यशराज काहीतरी कौतुकाचं बोलला. पुन्हा हात वर झाला. तिनं दाबलं. हात वरच होता, तळवा अजून वर, अजून वर, असं सांगणारा. तिनं पाय तसाच दाबून धरला.

मोठा आवाज झाला आणि गाडी हादरली. इंजिन बंद पडलं. बॉनेटच्या पत्र्याला आतून भोक पडून काहीतरी शेडच्या छपरावर आदळलं. तिला वाटलं स्फोट झाला. ती दार उघडून बाहेर आली तेव्हा प्रसेनजीत जमिनीवर बसलेला होता, उजवा हात मांडीवर घेऊन. कोपराच्या खाली हात असा नव्हताच. होतं ते धरण्यासारखं नव्हतं. तो ओरडत नव्हता. ह्या हाताला काय झालंय हे कुणीतरी सांगावं अशा तोंडानं तो तिच्याकडं बघत होता.

यशराजनं अंगातला शर्ट काढून दंडाला करकचून बांधला. त्यानंच प्रसेनजीतला उचलून आपल्या गाडीत घातलं आणि हॉर्न दाबून धरत दवाखान्यात नेलं. त्या दिवशी त्यानं जे केलं ते संघप्रिया आजही सांगते. नंतर तो कधी आला नाही. फोनही नाही.

उजवा हात कोपराच्या किंचित खालून काढावा लागला.

दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आला तेव्हा प्रसेनजीत शुद्धीवर होता. "पार्ट तुटला," तो म्हणाला. हवालदारानं विचारलं, कुठला, कुणी बसवलेला? "माझीच गाडी हाय. मीच बसवलेला." हवालदार लिहून घेऊन गेला. प्रकरण तिथंच मिटलं.

पण घरात ते मिटलं नाही. अक्षताला दवाखान्याच्या व्हरांड्यात गॅरेजमधली माणसं बोलताना ऐकू आलं, की फुटलं ते फ्लायव्हील, आणि ते त्याच्या बहिणीनं कातलेलं.  संघप्रिया डबा घेऊन आली तेव्हा अक्षतानं तो हातात न घेता स्टुलाकडं बोट दाखवलं. पावणे-रावळे भेटायला यायचे, विचारायचे, कसं झालं? शालन सांगायची, "त्ये चाक कातल्यालं फुटलं." तिच्या मनात लेकीवर राग नव्हता, जे झालं ते ती सांगत होती. ऐकणारे मात्र संघप्रियाकडं बघायचे आणि मग दुसरीकडं बघायचे. कॉटवर प्रसेनजीत डोळे मिटून पडलेला असायचा. जागा असला तरी.

ती त्याची वाट बघत होती. आज नाही उद्या तो म्हणेल, आक्का नको म्हणत होती, मीच ऐकलं नाही. एवढं एकच वाक्य. त्यानं गुन्हा कबूल करावा असं तिला वाटत नव्हतं; अक्षतासमोर आणि आईसमोर एकदा ते बोललं जावं, एवढंच. स्वतः सांगायचं तिनं कधीच नाही असं ठरवलं होतं. हात गेलेल्या माणसाकडं बोट दाखवायचं तिला जमणार नव्हतं.

तो घरी आला त्या आठवड्यात तिनं फ्लायव्हीलचे तुकडे गोळा केले. एक छपरावर अडकलेला, एक गिअरबॉक्सच्या फुटक्या घरात, एक गाडीच्या खाली जमिनीत घुसलेला. कापडानं पुसून तिनं ते बाकड्यावर जुळवले. बीड ताजं फुटलं की आतून स्वच्छ करडं दिसतं. एका तुकड्याच्या तोंडावर मात्र नखाएवढा भाग काळा होता. तिथं चीर आधीपासून होती, जुनी, आतपर्यंत गेलेली. तिनं कातून काढली होती ती फक्त वरची रेघ. खालची तशीच राहिली होती, आणि चाक पातळ झाल्यावर तिला धरून ठेवायला काही उरलं नाही.

तिनं तो तुकडा नेऊन प्रसेनजीतला दाखवला. तो गादीवर भिंतीला टेकून बसला होता.

"चीर जुनी हाय," ती म्हणाली. "मला दिसाय पायजे हुती. मी बघितलंच न्हाय नीट."

त्यानं तुकड्याकडं बघितलं. मेकॅनिकला सांगावं लागत नाही. त्याला सगळं समजलं. "ठेव तिकडं," तो म्हणाला आणि मान वळवली.

तुटलेल्या हाताची बोटं दुखतात म्हणून तो कळवळायचा. मूठ आवळलेली आहे, उघडत नाही, असं म्हणायचा. अक्षता रात्र-रात्र त्याच्याजवळ बसायची आणि सकाळी कामाला जायची. तिच्या पगारावर आणि लेथवर घर चालत होतं, पण लेथवरची कामं कमी झाली होती. संघप्रियानं कातलेला पार्ट फुटला आणि भावाचा हात गेला, एवढं गावात पोचलं होतं. जुनी गिऱ्हाइकं येत राहिली. नवीन माणूस दारापर्यंत येऊन चौकशी करून जायचा. संघप्रियाला त्याचं वाईट वाटत नव्हतं. कातायला आलेला जॉब चकमध्ये बांधला की तो सोडून ती पुन्हा बांधायची, ते तिला जास्त जड जात होतं. आधी चुटकीसरशी व्हायचं ते काम ती पुन्हा पुन्हा तपासायची, भिंगातून बघायची, आणि तरी गिऱ्हाईक घेऊन गेल्यावर तिला चैन पडायचं नाही.

प्रसेनजीतनं डाव्या हातानं पाना धरायचा सराव केला. शेडच्या दारात बसून तो एकच नट घट्ट करायचा आणि सोडायचा. नट सैल असला तर जमायचं. जाम असला की दुसरा हात पाहिजे. कृत्रिम हात बसवून झाला, त्याच्या पट्ट्यानं खांदा सोलून निघाला, तो पेटीत गेला. गॅरेजच्या मालकानं त्याला देखरेखीला बोलावलं, पण तिथं त्याला नुसतं उभं राहून दुसऱ्याचं काम बघवेना. महिन्याच्या आत त्यानं सोडलं. शेवटी शाहूपुरीतल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर लागला. कुठल्या गाडीला काय बसतं हे त्याला पुस्तक न बघता सांगता येत होतं. दुकानदार खूश होता. प्रसेनजीत घरी येऊन जेवायचा आणि झोपायचा.

एस्टीमचं इंजिन त्यानं सुटं करून विकलं. हेड सांगलीचा एक माणूस घेऊन गेला. घासलेल्या त्या वाटांत बोट फिरवून तो म्हणाला, "काय काम केलंय, कुणी केलं हे?" प्रसेनजीतनं "इथंच एकानं" असं सांगितलं. उरलेली गाडी भंगारात गेली.

साधारण दीड वर्ष असं गेलं. मग एका संध्याकाळी एक तरुण माणूस मोटारसायकलवर पुढं फ्लायव्हील ठेवून आला. गारगोटीकडचा. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की उचगावात एक बाई गाड्यांची कामं करते. त्याला चाक हलकं करून पाहिजे होतं. संघप्रियानं ते हातातही घेतलं नाही.

"न्हाय करत मी हे काम. आन् तुम्हीबी बिडाचं कातू नका, पावणं. कुठंच कातू नका."

तो थोडा वाद घालून गेला. दारात अक्षता उभी होती. नुकतीच कामावरून आलेली, खांद्यावर पर्स तशीच.

रात्री सगळे जेवायला बसले तेव्हा अक्षता म्हणाली, "आता न्हाय म्हणायला यायलंय म्हणायचं आक्कांना."

शालननं भाकरी मोडायची थांबवली. संघप्रिया ताटाकडं बघत राहिली.

"तवाबी म्हणली हुती," प्रसेनजीत म्हणाला.

"काय?"

"नगं म्हणली हुती. स्टीलचं करू म्हणली. मीच ऐकलं न्हाय. मीच चाक बांधायला लागलो मशीनला."

 अक्षता आधी नवऱ्याकडं बघत होती. इतके दिवस तू हे माझ्यापासून ठेवलंस, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मग ती संघप्रियाकडं वळली.

"खरं हाय काय हे?"

"व्हय."

"पर कातलं तुम्हीच न्हवं?"

"मीच कातलं."

"नगं म्हणून सांगितल्यावर का कातलं मग? तुम्हाला कळत हुतं. त्यास्नी कळत नव्हतं, तुम्हाला कळत हुतं."

संघप्रियानं हातातला घास ताटात ठेवला. ज्या वाक्याची ती दीड वर्ष वाट बघत होती ते बोलून झालं होतं, आणि त्यानं काहीही हललं नव्हतं.

"मलाबी बघायचं हुतं," ती शेवटी म्हणाली. "कसं उचलतंय ते. इतकं सगळं केल्यालं. वाटलं, ऱ्हाईल. मलाबी वाटत हुतं ऱ्हावं."

"तुमच्या दोघांच्या बघण्यापायी," अक्षता म्हणाली.  ताट उचलून आत गेली, भांडी घासली. मोरीत बराच वेळ नळ चालू होता. प्रसेनजीत तसाच बसला होता, डावा हात ताटात. शालन हळूच म्हणाली, "खा की रं," आणि तिला रडू आलं.

त्या रात्रीनंतर घरात भांडण झालं नाही. अक्षता संघप्रियाशी आधीपेक्षा जरा नीटच बोलायला लागली, जसं एखाद्या शेजारणीशी बोलतात तसं. तिनं दवाखान्यातली ती सकाळ, तो नाकारलेला डबा, कशाचीच आठवण काढली नाही. पण दिवाळीच्या आधी ती आणि प्रसेनजीत कळंब्याला भाड्याच्या खोलीत राहायला गेले. तिच्या ऑफिसची दुसरी शाखा तिकडं निघालीय असं कारण सांगितलं. ते खरंही होतं. सामान फार नव्हतं. कपाट टेम्पोत चढवताना प्रसेनजीतनं एका बाजूला खांदा लावला आणि दुसऱ्या बाजूला संघप्रियानं. 

शालन लेकीजवळ राहिली. लेकाकडं ती महिन्याला जाऊन येते, येताना त्याच्या खोलीतल्या गोष्टी सांगते. अक्षताचा आवाज चढतो हल्ली, म्हणते. प्रसेन उत्तर देत नाही. एकदा म्हणाली, तो रात्री उठून बसतो आणि नसलेल्या हाताची मूठ सोडवायला बघतो. मग तिनं ते सांगायचं बंद केलं.

ह्या वर्षी बुद्ध पौर्णिमेला दोघं उचगावात आले होते. विहारात प्रसेनजीत पुरुषांच्या बाजूला बसला, उजव्या बाहीचं टोक पिनेनं वर टाचलेलं. वंदनेला सगळ्यांनी हात जोडले तेव्हा त्यानं डावा हात छातीशी धरला. संघप्रिया आईशेजारी होती, तिला दिसत होतं. खीर वाटून झाल्यावर तो तिच्याजवळ आला.

"काम हाय काय गं?"

"हाय की. असतंय थोडंथोडं."

"कसलं?"

"गुऱ्हाळाच्या शाफ्टा. घासून गेल्यात, नव्या करायच्या."

"कशाच्या करायलाईस?"

"स्टीलच्या."

त्यानं मान हलवली. आणखी काहीतरी विचारायचं असल्यासारखा उभा राहिला. मग अक्षतानं रिक्षातून हाक मारली आणि तो गेला. शालन रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यावर उभी होती. संघप्रियानं घरी येऊन पांढरी साडी घडी करून ठेवली, कामाचे कपडे घातले आणि शेडचं दार उघडलं. शाफ्टा दुसऱ्या दिवशी द्यायच्या होत्या.